चहा घेतला

एसटीत बसल्यावरही डोक्यावरचं हेल्मेट न काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चंद्रपूरहून मूलमार्गे सावलीकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचे. मांडीवर कापडी पिशवी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला. नव्वदच्या दशकात आमच्याकडे मोटरसायकलवालेही हेल्मेट घालत नव्हते. कंडक्टर नवा असला की विचारायचाच, "काऊन जी साहेब, गाडी गळून राह्यली का?"

"गाडी नाई गळत," ते म्हणायचे. "डोस्कं फुटते. तुह्यं बी फुटन, दारात उभा नोको राहू."

गाडीभर हसू व्हायचं. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघायचो. पहिले सहा महिने मला त्यांची लाज वाटत होती, हे कबूल करतो.

ते सर्जन होते. चंद्रपुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात वीस-बावीस वर्षं त्यांनी फुटलेली डोकी उघडली आणि शिवली. झाडावरून पडलेले, ट्रकखाली आलेले, खाणीतले, भांडणात काठी लागलेले. दशकाच्या अखेरीस मोठ्या शहरातल्या एका संस्थेने अभ्यास काढला. डोक्याला मार लागलेला माणूस सहा महिन्यांनी कुठवर येऊन पोचतो, ते मोजायचं. आमच्या भागातली जबाबदारी डॉक्टरांवर आली आणि संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, दोन वर्षं घरी बसलेला मी, त्यांच्या हाताखाली नोंदणी सहायक म्हणून लागलो. ते मला "बाबू" म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते त्यांनी फक्त हजेरीपटावर वापरलं.

काम असं होतं. चार पानांचा फॉर्म, एकतीस प्रश्न. रुग्णाच्या घरी जायचं, प्रश्न विचारायचे आणि शेवटी एक ते पाच यांपैकी एक आकडा टाकायचा. एक म्हणजे मेला. दोन म्हणजे श्वास चालू, डोळे उघडे, पण ओळख नाही. तीन म्हणजे दुसऱ्याच्या आधाराशिवाय दिवस निघत नाही. चार म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण पहिल्यासारखं नाही. पाच म्हणजे पूर्ववत. सहा महिन्यांनी टाकलेला हा आकडा कायमचा. पुढे त्या माणसाचं काहीही होवो, अहवालात हाच जायचा.

मला हे माप फार आवडलं. मी आकड्यांचा माणूस आहे. घरातल्या पाण्याच्या टाकीची उंची आणि रोजचा वापर मी आजही लिहून ठेवतो, बायको हसते. माझ्या फॉर्मवर एक चौकट रिकामी नसायची, एक आकडा खोडलेला नसायचा. शहरातून तपासायला येणारे गृहस्थ माझे फॉर्म इतर जिल्ह्यांतल्या लोकांना नमुना म्हणून दाखवत.

डॉक्टरांना मात्र ते माप म्हणजे पाच खणांचं कपाट वाटायचं. "अबे, माणूस का लुगडं आहे? घडी करून कोंबला खणात!" असं म्हणत म्हणत ते आकडा टाकायचेच. पण टाकण्याआधी तासभर घालवायचे. आधी रुग्णाच्या घरी नाही, पानठेल्यावर. तिथे बसून, हेल्मेट काढून गुडघ्यावर ठेवून विचारायचे, "तो पहिले कसा होता?" पहिले भांडायचा का, पहिले पत्ते खेळायचा का, पहिले उधारी विसरायचा का. "पहिले" हा त्यांचा शब्द. 'आता'ची मोजणी त्यानंतर.

माझी पहिली मोठी चूक त्यांनी याच शब्दाने पकडली. जंगलाला लागून असलेल्या एका गावात आमचे तीन रुग्ण होते. फॉर्मवर प्रश्न होता: घराबाहेर एकटा जाऊ शकतो का? तिघांच्याही घरी उत्तर आलं, नाही. मी नियमाप्रमाणे तिघांनाही तीन आकडा दिला. डॉक्टरांनी फॉर्म पाहिले आणि चष्मा कपाळावर सारला.

"बाबू, तू त्या गावात एकटा फिरला का?"

"नाही सर. कोतवाल सोबत होता."

"काऊन?"

"तिकडे वाघ आहे ना सर."

"मंग तुह्याही फॉर्मवर तीन लिहू का?"

दवाखान्यातल्या सिस्टर आठवडाभर मला "काय तीन नंबर" म्हणून हाक मारत होत्या.

आता चहाचं सांगतो. त्यांच्या कापडी पिशवीत चहापत्तीचा पुडा, साखरेची डबी आणि काडेपेटी असायची. प्रश्न संपले की ते रुग्णाला म्हणायचे, "चाल, मले चहा करून पाज." मग कोणी मदत करायची नाही. घरच्यांनी दारात उभं राहायचं, तोंड बंद. डॉक्टर चुलीपासून चार हात अंतरावर उकिडवे बसून बघत राहायचे. भांडं कोणतं घेतलं, पाणी किती, काड्या किती वाया गेल्या, उकळी आल्यावर काय केलं, कपात ओतताना आधी कोणाला दिलं.

पुरुषांच्या घरी यावरून तमाशा व्हायचा. "त्याच्या बापानं नाई कधी चूल पाहिली, हा काय चहा करन!" म्हातारी ओरडायची. डॉक्टर म्हणायचे, "तं शिकव ना माय. शिकते का थे पाहू." मग एखादा साडेपाच फुटी गडी चुलीपुढे बसायचा, बायको पदरात तोंड लपवून हसायची आणि कुंपणापलीकडून शेजारी सल्ले द्यायचे, "अबे फुक, फुक! बिडी पेटवतो तसा नोको पेटवू!"

सिरोंच्याकडचे एक निवृत्त शिक्षक आठवतात. एकतीसच्या एकतीस प्रश्नांची त्यांनी शुद्ध मराठीत उत्तरं दिली, एकोणतीसचा पाढा न विचारता म्हणून दाखवला. मी मनात पाच लिहूनही टाकला होता. चहा करताना त्यांनी पाणी ठेवलं, पत्ती टाकली, उठले आणि अंगणात जाऊन बसले. भांड्यातलं पाणी आटलं, पत्ती जळाली, धूर झाला. ते अंगणातून आम्हाला विचारत होते, "काही जळतंय का हो?" त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. "रोज असंच जी," एवढंच म्हणाल्या. उलट एक गोंड बाई होती. मार लागल्यापासून तिची वाचा गेली होती, मी तीन धरून बसलो होतो. तिने सात माणसांचा चहा केला, आलं ठेचून घातलं, सातही पेल्यांत सारखा ओतला आणि डॉक्टरांच्या पेल्याला फडकं गुंडाळून दिलं, कारण पितळी पेला तापला होता. डॉक्टरांनी मला कोपर मारलं. "चार. लिही."

मीठ घातलेला चहाही त्यांनी प्यायला, धुरकटलेलाही. पेला कधी अर्धा ठेवला नाही. "तिनं मेहनत घेतली ना बे," म्हणायचे.

संस्थेच्या फॉर्मवर चहाला जागा नव्हती. म्हणून शेवटच्या पानाच्या समासात मी लिहायचं असं ठरलं होतं: "चहा घेतला", आणि पुढे कसा काय ते दोन शब्दांत. चहा घेतला म्हणजे रुग्णाने तो केला आणि आम्ही पाहिलं. हा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता. तीन वर्षांच्या या नोंदी अहवालाला जोडायला संस्थेचे प्रमुख तयार झाले होते. डॉक्टर त्या बातमीने इतके खूश झाले की आठ दिवस वॉर्डात शीळ घालत फिरले. आणि त्यांचा एक नियम होता. ज्याच्या हातचा चहा आपण प्यायलो नाही, त्याच्या पाच आकड्यावर सही करायची नाही.

तीन आणि चारवाल्यांच्या घरी ते अजून एक काम करत. घरच्यांना आणि दोन शेजाऱ्यांना बसवून साध्या भाषेत सांगत, की याला काय सोपवायचं आणि काय नाही. याला विहिरीवर एकटा पाठवू नका, हिच्याजवळ लहान लेकरू सोडून जाऊ नका, असं. पाचवाल्यांना याची गरज नसे. त्यांच्या कार्डावर लिहून मिळे: नेहमीची कामं करण्यास हरकत नाही.

सावली तालुक्यात वैनगंगेच्या काठी मासे धरणारं एक घर होतं. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, त्यांच्या बायका. धाकटा शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेहून येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडला. डॉक्टरांनी त्याच्या डोक्यातली रक्ताची गाठ काढली, तो वाचला. सहा महिने सप्टेंबरच्या सुरुवातीला भरत होते. त्याच आठवड्यात डॉक्टर मलेरियाने आडवे झाले. फॉर्म शहरात पाठवायची तारीख जवळ आली होती. मी एकटा गेलो.

तो ओसरीवर बसला होता. अंगाने धडधाकट, जखम भरलेली, केस वाढलेले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वार सांगितला. कामावर जातो का? "जाते," त्याची बायको म्हणाली. "दीर नेते सोबत." जाळं ओढतो का? ओढते. स्वतःच्या हाताने जेवतो का? जेवते. स्वभावात काही बदल?

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पहिले लय तापट होते जी. ताट फेकत. आता गरीब झाले."

"म्हणजे त्रास नाही ना काही?"

"त्रास... नाई. लय गरीब झाले," ती पुन्हा म्हणाली.

गरीब म्हणजे शांत, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. तापट माणूस शांत झाला, बायकोला त्रास नाही. मी खूण केली. ती दोनदा का म्हणाली, हे विचारायला हवं होतं. माझी परतीची गाडी चार वीसची होती आणि रस्ता नाल्यावरून होता. शिवाय डॉक्टर नसताना त्या माणसाला "चुलीपुढे बस" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. थोरला भाऊ समोरच जाळं विणत बसला होता. तो हसला असता.

इतक्यात ती आत गेली आणि चहा घेऊन आली. चांगला होता, गवती चहा घातलेला. मी प्यायलो. गाडीत बसल्यावर शेवटचं पान काढलं आणि समासात लिहिलं: "चहा घेतला. चांगला होता."

खोटं एक अक्षर नव्हतं.

डॉक्टरांच्या खाटेपाशी फॉर्म नेले तेव्हा त्यांना एकशे तीन ताप होता. इतर फॉर्मवर सह्या झाल्या. या एका पाचवर त्यांचा हात थांबला. समास वाचला. "तू पाहिलं?" मी म्हणालो, "हो सर." त्यांनी सही केली. आपला नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला तो तेवढा एकदाच.

पंधरा दिवसांनी, सोमवारी, ती बाई दवाखान्यात माझ्या खिडकीशी आली. हातात कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं.

"बाबूजी, हे बदलून द्या."

"काय बदलायचं बाई?"

"ह्यात लिवलं का ते बरे झाले. दीर थेच दाखवते. म्हणते डागदरनं लिहून देलं, काऊन घरी बसवतं त्याले. नदीवर घेऊन जाते. मी म्हणतो नोका नेऊ, तं माह्यंच ऐकत नाई कोनी."

"पण ते काम करतात ना?"

"उठवलं तं उठते. बसवलं तं बसते. जेव म्हटलं तं जेवते, नाई म्हटलं तं ताटापुढं तसेच बसून राह्यते. बरे झाले म्हणता, मंग मले काऊन नाई दिसत?"

मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुमीच आले होते ना? मी चहा केला होता तुमच्यासाठी."

डॉक्टर बरे होऊन कामावर आले होते. त्यांची खोली माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर होती, दार उघडं होतं. बाईला तिथे नेलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न चहाचाच विचारला असता आणि तिने हेच वाक्य त्यांच्यासमोर म्हटलं असतं. फॉर्म शहरात पोचला होता. मी म्हणालो, "आज डॉक्टरसाहेब कामात आहेत. पुढच्या सोमवारी या, मी विचारून ठेवतो."

"नक्की ना जी?"

"नक्की."

पुढचा सोमवार आला, ती आली नाही. मी विचारूनही ठेवलं नव्हतं.

गुरुवारी थोरला भाऊ आला. तो सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला; मी तिथे कागद लावत होतो. नाल्याच्या तोंडाशी त्यांनी जाळं लावलं होतं. एक टोक धाकट्याच्या हातात दिलं आणि त्याला सांगितलं, "इथी उभा राह्य, मी आलोच." वर कुठेतरी पाऊस झाला होता, नदी फुगून तिचं पाणी उलटं नाल्यात शिरू लागलं.

"मी पलीकडून ओरडलो जी, पण पाण्याचा आवाज. त्याले काठ चार पावलं होता. फक्त चार. तो जाळं धरून उभाच. कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. माह्याकडं पाहे. पाय नाई उचलला त्यानं." तो रडत नव्हता. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाला, "हे तुमचं."

डॉक्टरांनी फॉर्मची आमच्याकडची प्रत मागवली. शेवटचं पान मोठ्याने वाचलं. मग मला विचारलं, "चहात काही राहिलं होतं का, बाबू? उकळी आल्यावर भांडं उतरवलं होतं?"

"चहा चांगला झाला होता सर," मी म्हणालो.

ते दुसऱ्या दिवशी एकटे त्या गावी गेले. बाईपुढे हात जोडले. ती म्हणाली, "तुमी तं आलेच नवते." खिडकीचं ती काही बोलली नसावी, बोलली असती तर त्यांनी मला विचारलं असतं, मनात ठेवणारा माणूस नव्हता तो. परत आल्यावर त्यांनी मला समोर बसवून संस्थेला पत्र सांगितलं. चहाच्या निरीक्षणांवर विसंबता येत नाही असं अनुभवाला आलं आहे, तरी त्या नोंदी अहवालाला जोडू नयेत. मी ते पत्र माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्यांनी सही केली. सहीसुद्धा वाकडी झाली नाही, मलाच ती बघवली नाही.

त्यानंतर पिशवी घरी राहिली. गावात गेल्यावर ते प्रश्न विचारायचे, उत्तरं ऐकायचे, आकडा सांगायचे आणि उठायचे. एकदा एक म्हातारी म्हणाली, "डॉक्टरभाऊ, यावर्षी चहा नाई पेत?" "नाई माय, पित्त होते," ते म्हणाले. आमच्या भेटी आता वीस मिनिटांत आटपत. अहवाल छापून आला. त्यात एका तक्त्यात पूर्ववत झालेल्यांची बेरीज आहे, बरोबर आहे, मीच तपासली होती. त्या बेरजेत तो आहे. तीन वर्षांच्या चहाच्या नोंदी दवाखान्याच्या माळ्यावर गेल्या आणि दुरुस्तीच्या वेळी रद्दीत.

मला पुढे सरकारी कार्यालयात सांख्यिकी सहायकाची नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली, चंद्रपुरातच घर बांधलं. डॉक्टर निवृत्त होऊन बहिणीकडे राहत होते. मी दिवाळीला जायचो, फराळाचा डबा देऊन यायचो. दरवेळी सांगायचं ठरवून जायचो. दरवेळी घरात कोणीतरी असायचं, किंवा ते आनंदात असायचे, किंवा ते थकलेले असायचे. कारण मिळत गेलं.

शेवटचा भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. पोटाचा आजार होता आणि तो कुठवर गेलाय हे त्यांना आमच्यापेक्षा नीट कळत होतं. बहीण औषध आणायला बाहेर गेली तशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाबू, मी एक गोष्ट लय वर्षं पाहून राह्यलो. उकळी आली का भांडं उतरवायचं, हे ज्याले कोणी न सांगता कळते, त्याले पाणी छातीपर्यंत आलं तं पाय उचलायचं कसं नाई कळत?"

मी उशाशी असलेल्या औषधाच्या बाटल्या सरळ लावत राहिलो.

"एकच होऊ शकते. माह्यं मापच खोटं होतं. आन त्या मापानं मी किती लोकायले घरी पाठवलं बे. किती जणायच्या चुलीपुढं बसलो. त्यातले किती असे उभे असन कुठं कुठं?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. चहा त्याने केला नव्हता सर, त्याच्या बायकोने केला होता. मोजून नऊ शब्द. दारात त्यांची बहीण वाटी-चमचा घेऊन येताना दिसली. मी म्हणालो, "सर, तुमचं माप चुकीचं नव्हतं."

"मंग काय चुकलं?" त्यांनी विचारलं. खरोखर विचारलं, वॉर्डात केस समजून घेताना विचारत तसं, माझ्या तोंडाकडे बघत, वाट बघत.

"तुम्ही आराम करा," मी म्हणालो. "मी येतो परत."

त्यानंतर ते एकोणीस दिवस होते. माझ्या घरून त्यांचं घर सायकलवर बारा मिनिटांच्या अंतरावर आहे.